पोषणशास्त्र घरबसल्या शिकताना : पुस्तक मोबाईलवर, प्रयोगशाळा स्वयंपाकघरात



परिसर अभ्यासात आहाराचा पाठ आला की आपण फळ्यावर पाच नावं लिहितो. कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे. मुलं पाठ करतात, चाचणीत लिहितात, गुणही मिळवतात. पण जेवणाच्या सुट्टीत एखादं पोर ताट पुढे करून विचारतं, "मॅडम, या खिचडीत प्रथिनं किती?" पालकसभेत एखादी आई हळूच विचारते, "पोरगं भाजीला शिवत नाही, डब्यातली पावडर चालू करू का?" अशा वेळी फळ्यावरची पाच नावं पुरत नाहीत.

प्रश्न साधे वाटतात, पण त्यांच्यामागे मोठी गोष्ट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली, तर सुमारे ३६ टक्के मुलं कमी वजनाची. १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय दिसला. हीच मुलं पुढे आपल्या पहिलीच्या वर्गात येऊन बसतात आणि याच महिला आपल्या पालकसभेला येतात. त्यामुळे हा विषय नीट शिकावा असं पुष्कळ शिक्षकांना आणि पालकांना मनापासून वाटतं. अडचण एकच. नोकरी, घर, लहान मुलं सांभाळून कॉलेजात जाऊन बसणं जमत नाही.

म्हणून दूरशिक्षण. ते कसं करायचं, त्यातून काय मिळतं, काय मिळत नाही आणि जे मिळत नाही ते घरच्या घरी कसं भरून काढायचं, हे आज पाहू.

१. आधी ठरवा : कशासाठी शिकायचंय?

पोषणशास्त्र शिकणाऱ्यांचे ढोबळ मानाने तीन गट पडतात. तुम्ही कोणत्या गटात आहात ते आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पहिला गट : स्वतःचं घर आणि स्वतःचा वर्ग यासाठी शिकणारे. आपण बहुतेक जण इथेच.

दुसरा गट : अंगणवाडी, बचत गट, आरोग्य शिबिरं अशा ठिकाणी लोकांशी बोलणारे. यांना थोडं पद्धतशीर शिक्षण आणि हाती एखादं प्रमाणपत्र असलेलं बरं.

तिसरा गट : आहारतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करू इच्छिणारे. दवाखान्यात बसून मधुमेहाच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णांचा आहार ठरवणारे.

तिसऱ्या गटातल्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तुमचा रस्ता दूरशिक्षणाचा नाही. आरोग्याशी संबंधित व्यवसायांसाठी २०२१ साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि आहारतज्ज्ञ हा व्यवसाय त्याच्या कक्षेत आला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवणं थांबवायला सांगितलं. अन्न व पोषणशास्त्र आणि वैद्यकीय आहारशास्त्र हे विषय त्यात आहेत. कारणही समजण्यासारखं आहे. रुग्णाचा आहार ठरवायला रुग्णासमोर, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली शिकावं लागतं. तेव्हा कोणी फोन करून "घरबसल्या पोषणशास्त्राची पदवी, लगेच दवाखाना टाका" असं सांगितलं तर पैसे भरायच्या आधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव चालू सत्राच्या यादीत आहे का ते पाहा. संस्था मान्यताप्राप्त असली तरी तो अभ्यासक्रम मान्य असेलच असं नाही. दोन्ही नावं तपासायची.

मग पहिल्या दोन गटांनी काय करायचं? त्यांच्यासाठी दारं अजून पुष्कळ उघडी आहेत.

२. रस्ते कोणकोणते?

(अ) इग्नू. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली स्थापन झालं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर इथे त्याची प्रादेशिक केंद्रं आहेत. आपल्या विषयाचे तीन छोटे अभ्यासक्रम इथे अनेक वर्षं चालत आले आहेत. अन्न व पोषण प्रमाणपत्र सहा महिन्यांचं असून त्याला शालेय शिक्षणाची अट ठेवलेली नव्हती. ज्या आईची शाळा सातवीत सुटली तिच्याही डोळ्यांपुढे ठेवता येईल असा हा अभ्यासक्रम. पोषण व बालसंगोपन प्रमाणपत्र सहा महिन्यांचं, बारावीनंतरचं. पोषण व आरोग्य शिक्षण पदविका एक वर्षाची, तीही बारावीनंतरची. शिक्षकाला सर्वांत उपयोगी पडेल ती ही पदविका, कारण तिच्यात 'लोकांना पोषण कसं शिकवावं' हाच एक पूर्ण भाग आहे, शिवाय प्रकल्प करावा लागतो. मात्र नियम बदलण्याचे हे दिवस आहेत. म्हणून चालू सत्राच्या प्रवेश यादीत अभ्यासक्रमाचं नाव पाहूनच अर्ज भरा.

(आ) ई-ज्ञानकोश. इग्नूची छापील पुस्तकं या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात ठेवलेली आहेत. प्रवेश न घेताही वाचता येतात, पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्राची गरज नसेल तर पहिल्या गटातल्यांना एवढं साहित्य वर्षभर पुरेल.

(इ) स्वयम्. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेलं हे व्यासपीठ. व्हिडिओ, टिपणं, प्रश्नमंजुषा असं सगळं मिळतं. शिकणं मोफत. प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. सत्र सुरू झाल्यावर नावनोंदणीची मुदत असते, ती पाहून ठेवा.

(ई) राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद. या संस्थेची मुळं १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेल्या एका छोट्या संशोधन कक्षात आहेत. १९५८ साली ती हैदराबादला आली. संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. पीडीएफ मोफत आहे. अभ्यासाची सुरुवात इथूनच करा असं मी सुचवेन, कारण यातलं ताट आपल्या ओळखीचं आहे. भात, पोळी, डाळ, भाजी, ताक.

(उ) यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक. १९८९ पासून मराठीतून दूरशिक्षण देणारं आपलं विद्यापीठ. मराठी माध्यमाचाच आग्रह असेल तर चालू वर्षाचं माहितीपत्रक उघडून आरोग्य, गृह आणि बालविकास या गटांत काय आहे ते पाहावं.

भाषेचं म्हणाल तर वरचं बरंचसं साहित्य इंग्रजीत किंवा हिंदीत आहे. घाबरून जाऊ नका. एक वही शब्दांसाठी ठेवा. डावीकडे पुस्तकातला शब्द, उजवीकडे आपला. कार्बोहायड्रेट म्हणजे कर्बोदके, फॅट म्हणजे स्निग्ध पदार्थ, फायबर म्हणजे तंतुमय पदार्थ, ॲनिमिया म्हणजे रक्तक्षय, कॅलरी मोजतो ती ऊर्जा म्हणजे उष्मांक. महिन्याभरात शंभरेक शब्द झाले की पुढची पानं भराभर वाचता येतात. शिवाय वर्गात मराठीतून सांगण्याची तयारी आपोआप होते.

३. दूरशिक्षणात हरवतं काय?

पुस्तक मिळालं, व्हिडिओ मिळाले. मग कमी काय पडतं? हाताचं काम. कॉलेजात पोषणशास्त्र शिकणारी मुलगी प्रयोगशाळेत तांदूळ मोजते, शिजवते, पुन्हा मोजते. आपण मोबाईलवर वाचतो, "१०० ग्रॅम तांदळातून सुमारे ३५६ किलोकॅलरी मिळतात," आणि पुढे सरकतो. पण आपल्या घरच्या वाटीत तांदूळ किती मावतात? वाटीभर भातात त्यातले किती उरतात? हे माहीत नसेल तर तो आकडा नुसताच पाठांतराचा.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक धडा वाचल्यावर त्याच आठवड्यात त्याची एक कृती घरी करायची. धडा वाचून झाला पण कृती राहिली, तर तो धडा अपूर्ण समजायचा. खालच्या पाच कृती करून पाहा.

कृती १ – आपली वाटी मोजा. स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्या. नसेल तर ओळखीच्या दुकानदाराकडे वाटी घेऊन जा. वाटीभर तांदूळ, वाटीभर तूरडाळ, एका भाकरीचं पीठ, चमचाभर तेल यांचं वजन लिहा. मग १०० ग्रॅम तांदूळ शिजवून भाताचं वजन करा. साधारण अडीच ते तीन पट भरेल. म्हणजे १०० ग्रॅम भातात तांदूळ एक तृतीयांशाच्या आसपासच, बाकी पाणी. पुस्तकातले बहुतेक आकडे कच्च्या धान्याचे असतात, हे यातून कायमचं लक्षात राहतं.

कृती २ – कालचा दिवस आठवा. पोषण सर्वेक्षणात 'चोवीस तासांची आठवण' नावाची पद्धत वापरतात. काल सकाळी उठल्यापासून आज उठेपर्यंत काय काय खाल्लं-प्यायलं ते क्रमाने लिहायचं, प्रमाण वाटी-चमच्यात. एकादशी, लग्न, आजारपण असा दिवस नको, रोजचा दिवस हवा. घरातल्या दुसऱ्या कुणाला विचारताना चेहऱ्यावर कौतुक नको आणि नाराजीही नको. "अगं, एवढाच भात?" असं म्हटलंत की पुढची उत्तरं तुम्हाला खूश करण्यासाठी येतील.

कृती ३ – दहा गट मोजा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १५ ते ४९ वयाच्या महिलांसाठी एक सोपं माप दिलं आहे. अन्नाचे दहा गट केले : धान्य व कंदमुळं, डाळी-कडधान्यं, दाणे व तेलबिया, दूध व दुधाचे पदार्थ, मांस-मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, 'अ' जीवनसत्त्व भरपूर असलेली फळं-भाज्या (पिकलेली पपई, गाजर, लाल भोपळा), इतर भाज्या, इतर फळं. काल यातल्या निदान पाच गटांतलं खाल्लं का, ते पाहायचं. प्रमाण चमचाभराहून कमी असेल तर धरायचं नाही. भाजीवर भुरभुरलेली कोथिंबीर पालेभाजीत मोजायची नाही आणि चहातलं घोटभर दूधही दुधात मोजायचं नाही.

करून पाहू. सकाळी चहा-चपाती, दुपारी भाकरी-पिठलं, संध्याकाळी भात-आमटी. गट किती? धान्य एक, डाळी दोन. संपलं. पोट भरलं, गट मात्र दोनच. आता पिठल्यासोबत मेथीची भाजी आली, चार वाजता मूठभर भाजके शेंगदाणे आले, एक पेरू आला की पाच झाले. यात महागडं काहीच नाही. हे माप गावातल्या किंवा वस्तीतल्या महिलांच्या आहाराचं एकूण चित्र पाहण्यासाठी आहे. एका बाईचे दोन गट भरले म्हणून ती आजारी, असं त्यातून काढायचं नाही.

कृती ४ – मटकी भिजवा, लिंबू पिळा. मटकीला मोड आणताना लोह शोषायला अडथळा करणारे घटक कमी होतात आणि 'क' जीवनसत्त्व तयार होतं. उसळीवर लिंबू पिळलं तर त्यातल्या 'क' जीवनसत्त्वाने लोह आणखी चांगलं शोषलं जातं. जेवणाला लागून चहा घेतला तर उलटं घडतं. धान्य-भाज्यांतलं लोह शोषलं जाण्यात चहा आडवा येतो. रक्तक्षयाचा धडा वाचला की त्या आठवड्यात घरातला चहा जेवणापासून तासभर दूर न्यायचा. कृती एवढीच, पण घरात अमलात आणून बघा, सासूबाईंशी चर्चा होईल ती वेगळी!

कृती ५ – डब्यामागचं वाचा. पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देतात. ज्या गोष्टीचं नाव आधी, ती जास्त. मुलांच्या पावडरीत साखरेचं नाव कितव्या क्रमांकावर आहे ते पाहा. मग 'दर १०० ग्रॅम' आणि 'दर खेपेस' हे दोन रकाने वेगळे वाचा. जाहिरातीत सहसा मोठा आकडा येतो, पोराच्या कपात छोटा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितली, कारण अन्न सुरक्षा कायद्यात अशा नावाची व्याख्याच नाही.

आता त्या आईला काय सांगाल? मी असं सांगते : "ताई, पावडरचं नंतर बघू. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत. कूट करून थालीपिठात घाला, गुळासोबत लाडू करा. मूल चार-पाच वर्षांच्या आतलं असेल तर अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. भाजी खात नाही म्हणता, तर ती पराठ्यात, धिरड्यात घालून बघा. आणि वजन वाढत नसेल तर आरोग्य केंद्रात दाखवा, माझ्या सांगण्यावर थांबू नका."

४. शाळेचं ताट : आपला तयार प्रकल्प

शालेय पोषण आहार योजना, म्हणजे आताची पीएम पोषण, आपल्याला नोंदवहीतून चांगलीच ठाऊक आहे. उपस्थिती, तांदूळ, शिल्लक, सही. तीच नोंदवही पोषणशास्त्राचा उत्तम धडा होऊ शकते.

पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा योजनेचा निकष आहे. सहावी ते आठवीसाठी ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. प्राथमिक गटासाठी एका मुलामागे धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम असं प्रमाण ठरलं आहे.

आता राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यातले आकडे घेऊन हिशेब मांडू.

तांदूळ १०० ग्रॅम : सुमारे ३५६ किलोकॅलरी, ७.९ ग्रॅम प्रथिनं.
तूरडाळ २० ग्रॅम : सुमारे ६६ किलोकॅलरी, ४.३ ग्रॅम प्रथिनं.
तेल ५ ग्रॅम : ४५ किलोकॅलरी, प्रथिनं शून्य.
बेरीज : ४६७ किलोकॅलरी, १२.२ ग्रॅम प्रथिनं. भाजीचं थोडं वेगळं.

बघा, निकष बसला! आणि १२ ग्रॅम प्रथिनांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश तांदळातून आली, डाळीतून नाही. प्रथिनं म्हटलं की आपण फक्त डाळीचं नाव घेतो, पण आपल्या ताटात धान्याचा वाटा एवढा मोठा असतो. शिवाय तांदळाच्या प्रथिनांत जो एक घटक कमी तो डाळीत पुरेसा असतो, आणि डाळीत जो कमी तो तांदळात. वरण-भात, खिचडी, भाकरी-आमटी या जोड्या आपल्या आज्यांनी तक्ते न बघता जमवल्या.

पण हिशेब इथे संपत नाही. हा आकडा शिजवायला दिलेल्या धान्याचा. पहिलीतलं सहा वर्षांचं मूल १०० ग्रॅम तांदळाचा भात, म्हणजे पाव किलोहून जास्त भात, एका बैठकीत खातं का? ताटात किती टाकलं जातं? डाळ खालच्या थरात राहून शेवटच्या रांगेलाच दाट मिळते का? आठवडाभर रोज पाच ताटं नजरेने पाहा. पूर्ण संपलं, अर्धं संपलं, पाव संपलं, अशा तीनच खुणा करा. कागदावरचं ताट आणि मुलाच्या पोटातलं ताट यांतलं अंतर तुम्हाला स्वतःच्या वहीत दिसेल. स्वयंपाकी ताई-मावशींशी बसून बोला. वाढताना डाव तळापर्यंत ढवळून वाढणं, लहानांना थोडं-थोडं दोनदा वाढणं, असे बदल बिनखर्चाचे आहेत. पदविकेच्या प्रकल्पासाठी याहून चांगला विषय शोधायची गरज नाही.

एक पथ्य मात्र पाळा. मुलांचे घरचे डबे वर्गासमोर उघडून "कोणी काय आणलं?" असा उपक्रम घेऊ नका. डब्यावरून घरची गरिबी दिसते, चालीरीती दिसतात आणि मूल ओशाळतं. शाळेचं ताट सगळ्यांचं एकच असतं. अभ्यासाला तेच घ्यावं.

५. आकडे वाचताना

स्वतः शिकणाऱ्याची फसगत बहुधा आकड्यांत होते. आवळ्याचं उदाहरण घ्या. डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांच्या जुन्या प्रसिद्ध तक्त्यात १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व आहे. २०१७ च्या तक्त्यात तो आकडा २५० च्या आसपास. बाजरीतलं लोह जुन्यात ८ मिलिग्रॅम, नव्यात साडेसहाच्या आत. मग खोटं कोण? खोटं कोणीच नाही. नमुने वेगळे, वाण वेगळे, मोजण्याच्या पद्धती वेगळ्या. आपण काय करायचं? एका हिशेबात एकच तक्ता वापरायचा आणि तक्त्याचं वर्ष लिहायचं. २०१७ च्या तक्त्यात ५२८ भारतीय अन्नपदार्थ आहेत, आपल्या कामाला ते पुरेसे आहेत. आणि मोबाईलवर फिरत आलेला आकडा, ज्याच्याखाली ना वर्ष ना संस्था, तो हिशेबात घ्यायचाच नाही.

दुसरी गोष्ट, पदार्थात असलेलं सगळंच शरीराला मिळतं असं नाही. चहा आणि लिंबाच्या कृतीत ते आपण पाहिलंच.

६. बारा आठवड्यांचं वेळापत्रक

आठवड्याला चार तास पुरे. दोन तास वाचन, एक तास कृती, एक तास लेखन.

आठवडा १ ते ३ : २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचणं, शब्दवही सुरू करणं, कृती १ आणि २.
आठवडा ४ ते ६ : अन्नघटक आणि त्यांची कामं. कृती ३ घरातल्या आणि शेजारच्या मिळून पाच महिलांसोबत, त्यांना विचारून, नावं न लिहिता.
आठवडा ७ ते ९ : रक्तक्षय, वाढ, गरोदरपण व स्तनपानाच्या काळातला आहार. कृती ४ आणि ५.
आठवडा १० ते १२ : शाळेच्या ताटाचा प्रकल्प आणि शेवटी पालकसभेत पंधरा मिनिटांचं बोलणं.

इग्नूत प्रवेश घेतलात तर एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास असं गणित असतं. सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, त्याआधी स्वाध्याय पाठवायचे. स्वाध्याय शेवटच्या रात्री न लिहिता कृतीवहीतूनच तयार केले तर उत्तरांत तुमची स्वतःची उदाहरणं येतात.

एकट्याने शिकताना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उत्साह ओसरतो, हे ठरलेलं. म्हणून केंद्रातल्या दोन शिक्षिका, एक अंगणवाडी ताई, एक पालक असा चौघींचा गट करा. शनिवारी अर्धा तास फोनवर बोला. विषय एकच ठेवा, "या आठवड्यात कृती काय केली?"

७. शिकल्यानंतरची मर्यादा

थोडं शिकलं की सल्ला द्यायची घाई होते. मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार, गरोदरपणातल्या गुंतागुंती, फार अशक्त मूल, इथे आपण आहार सांगायचा नाही. डॉक्टर किंवा पात्र आहारतज्ज्ञ यांच्याकडे पाठवायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासणीला येतं. त्या दिवशी ज्या मुलाची काळजी वाटते त्याचं नाव पथकाला वेगळं सांगा. वर्गात कोणाला "कुपोषित" म्हणू नका. तो शब्द मुलाला वर्षानुवर्षं चिकटतो.

आपलं काम वेगळं आहे, आणि तेही मोठं आहे. मुलाला रोज पाहणारी, त्याचं ताट पाहणारी आणि त्याच्या आईशी तिच्या भाषेत बोलू शकणारी व्यक्ती म्हणजे शिक्षक. अभ्यासक्रमातलं ज्ञान आणि ही रोजची नजर एकत्र आली की मूल कुठे कमी पडतंय ते वेळेत कळतं.

तेव्हा प्रवेश, शुल्क, अर्ज हे सगळं सावकाश ठरवा. या आठवड्यात एवढंच करा : आपल्या घरची भाताची वाटी काट्यावर ठेवा आणि आलेला आकडा वहीत लिहा. पुढच्या सोमवारी शाळेतला वाढायचा डावही मोजा. दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले की पहिला धडा सुरू झाला.